साप्ताहिक सभा आणि लोकसेवा

आपल्या देशातील एखाद्या मध्यम शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला दातेरी चाकाचे चिन्ह असलेला फलक बहुधा दृष्टीस पडतो. तेच चाक पुढे बसस्थानकातील पाणपोईवर भेटते, शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर भेटते, रक्तपेढीच्या भिंतीवर भेटते. आणि क्वचित स्मशानभूमीतील बाकावरही आपली वाट पाहत बसलेले असते. हे चिन्ह रोटरी नावाच्या सेवामंडळाचे. या मंडळाविषयी लोकांत सामान्यतः दोन मते असतात. काही म्हणतात, हे सुखवस्तू लोकांचे भोजनमंडळ आहे. सेवा ही तोंडी लावण्यापुरती. काही म्हणतात, नगरपालिकेला जे सुचत नाही किंवा जमत नाही ते ही मंडळी करून दाखवितात. दोन्ही मतांत थोडथोडे तथ्य आहे. परंतु या संस्थेचा इतिहास पाहू लागले की एक तिसरीच गोष्ट ध्यानात येते, आणि ती सर्वच सार्वजनिक संस्थांना लागू पडण्याजोगी आहे.

प्रारंभ झाला तो सेवेसाठी नव्हे, एकाकीपणातून. पॉल हॅरिस नावाचा वकील व्हरमाँट प्रांतातील एका लहान गावात आजी-आजोबांजवळ वाढलेला. वकिलीसाठी तो शिकागो येथे येऊन राहिला. १९०० च्या शिरगणतीत त्या शहराची वस्ती सुमारे १७ लाख भरली होती. एवढ्या गर्दीत माणसाला अशील मिळतात, शेजारी मिळतात. मित्र मिळतातच असे नाही. गावात वाणी, शिंपी, वैद्य हे सारे एकमेकांना नावाने हाक मारीत. तसे शहरात का होऊ नये, असे हॅरिसला वाटे. २३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी इमारतीत, ७११ क्रमांकाच्या खोलीत, चार माणसे एकत्र जमली. हॅरिस हा वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, हायरम शोरी शिवणकामाच्या व्यवसायातला, आणि ज्याच्या कचेरीत बैठक भरली तो गस्टाव्हस लोअर खाणींचा अभियंता. पुढील बैठका प्रत्येकाच्या कचेरीत पाळीपाळीने भरू लागल्या. त्या फिरत्या पाळीवरूनच मंडळाला रोटरी हे नाव मिळाले.

या मंडळाने दोन नियम प्रथमपासून कसोशीने पाळले. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यावयाचा, म्हणजे आपापसांत स्पर्धा नको. आणि सभेला हजर राहिलेच पाहिजे. सलग चार सभांना न आलेल्या सभासदाचे नाव कमी करण्याची पद्धत पुढे दीर्घकाळ चालू राहिली. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावयाची, हा रिवाज पडला. मुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या हॅरी रगल्स या सभासदाने सभेत सामुदायिक गाण्याची प्रथा पाडली. चाळिशीच्या आसपासचे गृहस्थ दुपारी मोठ्याने गात आहेत, हे दृश्य त्या काळीही काहींना हास्यास्पद वाटले असेल. पण ज्यांच्याबरोबर आपण गायलो त्यांच्याशी परक्यासारखे वागणे कठीण जाते, हेही खरे.

मात्र येथवर लोकसेवेचा मागमूस नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. मंडळाच्या घटनेत उद्दिष्टे दोनच होती: सभासदांचा धंदा वाढविणे आणि सभासदांत स्नेहभाव राखणे. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले याची रीतसर नोंद ठेवली जाई. कोळसा शीलकडून घ्यावा, कपडे शोरीकडे शिवावेत, छपाई रगल्सकडे करावी. सरळ, निरुपद्रवी आणि काहीसा आत्मसंतुष्ट असा हा व्यवहार होता.

१९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले. त्याने घटना वाचली आणि नकार दिला. जे मंडळ स्वतःच्या सभासदांपलीकडे कोणाचाच विचार करीत नाही त्याला भवितव्य नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अशा वेळी बहुतेक संस्था काय करतात हे आपण जाणतो. नकार देणारा मनुष्य गर्विष्ठ ठरतो आणि विषय संपतो. येथे तसे झाले नाही. त्या मंडळींनी कार्टरलाच सांगितले की, मग उणे काय आहे ते आपणच आत येऊन लिहा. तो आला, आणि घटनेत तिसरे उद्दिष्ट दाखल झाले. शिकागो नगराचे हित साधणे आणि नागरिकांत आपल्या शहराविषयी अभिमान जागविणे, हे ते उद्दिष्ट.

या नव्या उद्दिष्टाची पहिली मोठी परीक्षा झाली ती ज्या विषयावर, तो विषय सभ्य मेजवानीत काढण्यासारखा नव्हता. तो होता सार्वजनिक स्वच्छतागृहाचा. १९०७ साली हॅरिस अध्यक्ष झाल्यावर मंडळाने शहरातील अन्य नागरी संस्थांना एकत्र बोलाविले आणि मध्यवस्तीत सर्वांना मोफत वापरता येईल असे स्वच्छतागृह पालिकेने बांधावे म्हणून चळवळ आरंभिली. विरोध झाला तो अनपेक्षित दिशेने. बिअर गाळणारे म्हणाले, पुरुषांची सोय आमच्या मद्यगृहांत आहे. मोठे दुकानदार म्हणाले, स्त्रियांची सोय आमच्या दुकानांत आहे. खरी गोष्ट अशी की, मद्यगृहात जाणाऱ्याला पेला विकत घ्यावा लागे, आणि दुकानात शिरणाऱ्या स्त्रीला काही तरी खरेदी केल्यावाचून बाहेर पडणे अवघड होई. देहधर्माच्या अडचणीवर दोन धंदे पोसले जात होते. स्वतः व्यापारी असलेल्या सभासदांनी व्यापाऱ्यांविरुद्ध उभे राहावे, ही त्यातली खरी कसोटी. सुमारे दोन वर्षांच्या खटपटीनंतर नगरभवनाजवळ ते स्वच्छतागृह उभे राहिले. धंदा वाढविण्यासाठी जमलेल्या मंडळाच्या लोकसेवेचा आरंभ असा शहराच्या सर्वांत साध्या गरजेपासून झाला.

ही कल्पना मग झपाट्याने पसरली. १९०८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे दुसरे मंडळ निघाले. १९१० साली १६ मंडळांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९१९ च्या सप्टेंबरात कलकत्त्यास मंडळ स्थापन झाले आणि १ जानेवारी १९२० रोजी त्याला मान्यता मिळाली. हे भारतातील पहिले. पुढे जेम्स डेव्हिडसन हा कॅनडातील गृहस्थ १९२८ साली पत्नी व कन्येसह प्रवासाला निघाला आणि अडीच वर्षांहून अधिक काळ आशियातील शहरे हिंडला. त्याच्या या भ्रमंतीत १९२९ साली मुंबई आणि मद्रास येथे मंडळे सुरू झाली.

कलकत्त्याच्या सभेत आरंभी युरोपीय व्यापाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे प्राबल्य होते. तरीही त्याच कलकत्त्याचे नीतीश लाहारी १९६२-६३ या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले आशियाई. त्यांच्या कारकीर्दीत शालेय विद्यार्थ्यांसाठी इंटरॅक्ट नावाची शाखा निघाली. तिचे पहिले मंडळ अमेरिकेतील फ्लोरिडात सुरू झाले आणि दुसरे आपल्या तंजावरात.

आता येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लोकांनी एकत्र जमून लोकहित पाहावे, ही कल्पना आपल्याकडे आगबोटीने आलेली नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद लोकांकडून मुखत्यारपत्रे घेऊन सभेत बसले होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. मुंबईत १९११ साली नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने सोशल सर्व्हिस लीग निघाली. तिने गिरणी-कामगारांच्या वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. या संस्थांत आणि रोटरीत एक मूलभूत भेद आहे. आपल्या त्या सभेत बाहेरचा माणूस पहिल्या दिवसापासून मुखत्यारपत्राच्या रूपाने हजर होता. रोटरीत तो मागाहून आला, आणि प्रत्येक वेळी त्याला दार ठोठवावे लागले.

दुसऱ्या एका सेवामंडळाची हकीकत याला दुजोरा देते. मेल्व्हिन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ साली लायन्स ही संस्था शिकागोतच उदयास आली. १९२५ साली ओहायो प्रांतातील तिच्या अधिवेशनात हेलन केलर या अंध व बधिर विदुषीने भाषण केले आणि अंधांच्या कार्याला वाहून घ्या, असे आवाहन श्रोत्यांना केले. केलर या सभासद नव्हत्या. केवळ पाहुण्या होत्या. परंतु त्या एका भाषणाने संस्थेला तिचे जीवितकार्य दिले. १९५६ साली मुंबईत लायन्सचे भारतातील पहिले मंडळ निघाले. आपल्या गावोगावी भरणारी मोतीबिंदूची शिबिरे पाहिली की त्या पाहुणीचे स्मरण होते.

असे दार ठोठावण्याचा सर्वांत मोठा प्रसंग स्त्रियांच्या बाबतीत आला. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदनाचे काम हाती घेतले, तेव्हापासून महाराष्ट्राला स्त्रियांनी चालविलेली सेवासंस्था परिचयाची आहे. रोटरीत मात्र स्त्रीला सभासदत्व नव्हते. सभासदांच्या पत्नींनी शिबिरांत राबावे, फराळाची व्यवस्था पाहावी. सभेत मत देऊ नये. १९७७ साली कॅलिफोर्नियातील दुआर्ते या लहान गावच्या मंडळाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. पुढच्याच वर्षी त्या मंडळाची मान्यता काढून घेण्यात आली. मंडळाने छातीवरील चाकाच्या चिन्हावर फुली मारली, स्वतःला माजी रोटरी म्हणवून घेतले आणि सभा चालूच ठेवल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मे १९८७ रोजी निकाल दुआर्तेच्या बाजूने लागला. १९८९ साली संस्थेने आपल्या घटनेतून पुरुषांपुरती मर्यादा काढून टाकली. जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या त्या २०२२ साली. पुण्याच्या सेवासदनाने शंभरी ओलांडल्यावर ही वेळ आली, हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थेची मंदगती कळते. पण वाट चुकली असता ती परत फिरू शकली, हेही कळते.

सभा चालू ठेवण्याचे महत्त्व आणखी एका प्रसंगी दिसून आले. १९४० साली जपानात युद्धज्वर वाढला आणि परदेशी संबंध असलेल्या रोटरीला तेथे आपली मंडळे विसर्जित करावी लागली. परंतु सभासदांनी जमणे सोडले नाही. नाव गेले तर वाराचे नाव घ्यावे, असे त्यांनी ठरविले. तोक्योचे मंडळ बुधवार-मंडळ झाले, ओसाकाचे शुक्रवार-मंडळ झाले. १९४९ साली जपान पुन्हा या कुटुंबात आला, तेव्हा त्या सभांचा धागा तुटलेला नव्हता. फलक उतरला, चिन्ह गेले, तरी ठरल्या वारी ठरल्या वेळी माणसे भेटत राहिली म्हणजे संस्था जिवंत असते.

आणि अशा नियमित भेटींच्या जाळ्यातून किती मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण आपल्या देशानेच जगाला दिले. १९८५ साली रोटरीने पोलिओच्या निर्मूलनाचा संकल्प जाहीर केला. १२ कोटी डॉलर जमविण्याचे ठरले होते. १९८८ पर्यंत सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलर जमा झाले. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले. त्या वर्षीच्या जगातील दुसऱ्या कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा होता. हे काम एकट्या मंडळाचे नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सरकारने ते चालविले, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी साह्य केले. राष्ट्रीय लसीकरणाच्या एका फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना डोस दिला जाई, आणि तो देण्यासाठी सुमारे २३ लाख स्वयंसेवक व कर्मचारी घरोघर फिरत. त्यांत बहुसंख्य साध्या घरच्या स्त्रिया होत्या. मंडळाच्या सभासदांनी केंद्रे मांडली, निधी जमविला; आणि उत्तर प्रदेशात ज्या मोहल्ल्यांत लशीविषयी संशय होता तेथे मौलवींना सोबत घेऊन पालकांची समजूत घातली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेस झालेला पोलिओ हा देशातील त्या विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला.

आज या संस्थेचे जगभर सुमारे १२ लाख सभासद आहेत. दर आठवड्यास सभा भरविण्याचे बंधन २०१६ साली सैल झाले. महिन्यातून दोन सभाही आता चालतात. हजेरीचा जुना कडकपणा राहिला नाही, याची काही ज्येष्ठांना खंत वाटते. मला चिंता वाटते ती निराळीच. हजेरीपटावर किती नावे आहेत, यापेक्षा बाहेरून आलेला अप्रिय प्रश्न ऐकून घेण्यास सभेत किती जण तयार आहेत, हे अधिक महत्त्वाचे आहे. कार्टरचा नकार, केलरचे आवाहन, दुआर्तेच्या त्या तीन स्त्रिया, मोहल्ल्यातील संशयी बाप: प्रत्येक वेळी संस्था मोठी झाली ती आतल्यांच्या औदार्यापेक्षा बाहेरच्यांच्या प्रश्नाने.

मित्रांनी ठरल्या वेळी जमावे, जेवावे, गावे, यात लाजण्यासारखे काही नाही. स्नेहावाचून सेवा टिकत नाही. ती दोन महिन्यांत थकते. परंतु स्नेह हा भिंतींच्या आतला असतो, आणि गाव भिंतींच्या बाहेर असते. तुमच्या गावात रोटरी असो, लायन्स असो, वा नुसते गणेशोत्सवाचे मंडळ असो. त्याच्या पुढच्या सभेत एक खुर्ची अशा माणसासाठी राखून ठेवावी, ज्याला आपल्या मंडळाविषयी तक्रार आहे. शिकागोच्या त्या मंडळींनी १९०६ साली एवढेच केले होते.