दूरच्या संगणकाची किल्ली

गणेशपुरीतला एखादा विद्यार्थी आज घरी बसून मुंबईतल्या संगणकावर प्रोग्रॅम लिहू शकतो. त्याच प्रोग्रॅमवर त्याचा सोबती पुण्याहून काम करतो. ही सोय आली कशी?

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हाती घेतले. मुंबईतील एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांची पहिली जोडणी साध्या टेलिफोनवरून झाली. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. म्हणजे टपालच! दुसऱ्या संगणकावर ‘बसणे’ यात नव्हते. १९८९ मध्ये एनसीएसटी अमेरिकेतील यूयूनेटशी जोडली गेली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. वर्गात हिशेब करून पाहा: दहा लाख बाइटांचे एक छायाचित्र धाडायला सुमारे १४ मिनिटे लागतील.

कायमची जोडणी असली की ‘टेलनेट’ने दूरच्या संगणकात शिरता येई, पण परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे शब्द चोरीला गेल्यावर १९९५ मध्ये तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ लिहिले. त्यात दोन्ही संगणक आधी आपसांत गुप्त किल्ली ठरवतात. परवलीचा शब्द त्यानंतरच, तोही सांकेतिक रूपात, निघतो. आपला गणेशपुरीचा विद्यार्थी बहुधा याच दाराने आत जातो.