अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील वरई: बियाणे, भगर आणि गावात राहणारा पैसा

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात हे पाणी अडले आणि त्यावर प्रवरेच्या खालच्या भागात ऊस उभा राहिला. वरच्या गावांत मात्र बहुतेक ठिकाणी खरिपाचे एकच पीक निघते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नरकडे जातात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या भागासाठी नवे पीक सुचवण्याआधी आहे त्या पिकाचा पैसा कुठे जातो, ते पाहणे जास्त उपयोगाचे आहे. वरई हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

खळ्यावरचा भाव आणि पाकिटावरचा भाव

वरईचे टरफल काढले की भगर मिळते. एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्रीला तिला राज्यभर मागणी असते. आपण बहुतेक जण मळणी होताच खळ्यावरूनच वरई देऊन टाकतो. ती नाशिककडच्या भगर मिलमध्ये जाते आणि उपवासाच्या दिवसांत पाकिटात भरून आपल्याच गावच्या किराणा दुकानात येते. नाचणीला केंद्राचा हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ४,८८६ रुपये होता. वरईला हमीभाव नाही. त्यामुळे घरात पैशाची नड असताना व्यापारी सांगेल तोच भाव ठरतो.

भगर करून विकणे परवडते का, याचा हिशेब दुसऱ्याच्या आकड्यांवर करू नका. आपली १० किलो स्वच्छ, वाळलेली वरई भरडून घ्या. अखंड भगर, कणी आणि टरफल वेगवेगळे मोजा. अखंड भगरीला घाऊक भाव धरा, कणीला वेगळा भाव धरा. त्यातून भरडाई, निवडणी, पाकीट आणि वाहतुकीचा खर्च वजा करा. उरलेली रक्कम १० किलो वरईच्या खळ्यावरच्या किमतीपेक्षा किती जास्त येते, ते पाहा. अनेक गट इथे पाकिटावरची छापील किंमत धरतात आणि हिशेब फुगतो. त्या किमतीत दुकानदाराचा वाटाही असतो.

भगरीचे गिऱ्हाईक तुटते ते खड्यामुळे. मातीच्या खळ्यावर मळणी केली तर वरईएवढेच बारीक खडे धान्यात मिसळतात आणि सुपाने पाखडून ते निघत नाहीत. म्हणून मळणी ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर करावी. टरफल काढण्याच्या यंत्राबरोबर चाळणी आणि खडे काढण्याची सोय नसेल, तर ते यंत्र अर्धेच काम करते. साठवण मात्र टरफलासकट वरईचीच करावी. टरफल निघाले की दाणा लवकर खवट होतो, कीडही लवकर लागते. मागणी येईल तेवढीच भगर काढावी.

बियाणे घरचे, पण निवडलेले

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने भात, वाल, घेवडा, भाज्या यांची गावरान वाणे जमवली आणि वाढवली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे कौतुक सगळे करतात, पण त्यांच्या कामातला रोजचा भाग, म्हणजे बियाण्याची निवड, फार कमी शेतकरी करतात. कणगीतले उरलेले धान्य पेरणे म्हणजे बियाणे राखणे नव्हे.

वरई आणि नाचणी ही मुख्यतः स्वपरागीत पिके आहेत, त्यामुळे वाण शुद्ध ठेवणे अवघड नाही. कापणीपूर्वी शेताच्या मधल्या भागात फिरून निरोगी, एकाच वेळी पक्व होणारी, न लोळणारी किमान शंभर झाडे निवडा. नाचणीत करपा पडलेली कणसे बाजूला काढा. निवडलेली कणसे वेगळी मळून, नीट वाळवून, राख मिसळून हवाबंद डब्यात ठेवा. हळवे आणि गरवे वाण एकत्र करू नका. पाऊस लवकर उघडला तर हळवे वाण हाती लागते. वालात थोडेफार परपरागीकरण होते, म्हणून त्याची वाणे शेजारी-शेजारी लावू नयेत. राहुरी विद्यापीठाच्या 'फुले एकादशी' या वरईच्या सुधारित वाणाचा एखादा वाफा शेजारी लावून तुलना जरूर करा, पण पहिल्याच वर्षी घरचे वाण सोडू नका.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

वरकस जमीन

नाचणी, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर जमीन पडीक, ही जुनी फेरपालट उताराच्या जमिनीला मानवते. पडीक काळ कमी होत गेला तशी माती वाहून जाण्याची गती वाढली. लावणी उताराला आडवी, ओळीत करावी. राब भाजण्यासाठी दरवर्षी झाडे ओरबाडली जातात. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रोपवाटिकेत आणि चिखलणीत वापरला तर हा भार बराच कमी होतो. झाडे टिकली तर मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणारे पर्यटकही टिकतील. भगर आणि नाचणी विकायला ते दारात आलेले गिऱ्हाईक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

एका गावची वरई एका यंत्राला वर्षभर पुरत नाही. शेजारच्या चार-पाच गावांचा माल आधी मोजा, मगच यंत्राचा विचार करा. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले आहे; चालू वर्षातील स्थिती तालुका कृषी कार्यालयातून तपासून घ्या. यंत्राची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आपलीच २० किलो वरई विक्रेत्याकडे न्या आणि समोर भरडून कणीचे प्रमाण पाहा. दुसऱ्या भागातल्या कोरड्या, टपोऱ्या धान्यावर दाखवलेला उतारा आपल्या वरईला लागू होत नाही.