‘कायम’ या शब्दाची मुदत

‘कायम’ या शब्दाला मुदत असते का? परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो हो म्हणेल. आज जपानमध्ये एखाद्या परदेशी माणसाला कायम वास्तव्याचा हक्क मिळाला, तरी त्याच्या खिशातलं कार्ड काही वर्षांनी संपतं. हक्क संपत नाही, कार्ड संपतं. पण ते वेळेत बदलून घेतलं नाही तर तो गुन्हा ठरतो. माझी पीएचडी बोटांच्या ठशांच्या इतिहासावर आहे, आणि ठशांचा माग काढत गेलं की कार्ड बदलायच्या या खिडकीपाशी यावंच लागतं.

गोष्ट सुरू होते 1945 मध्ये. युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सुमारे वीस लाख कोरियन होते. कोरिया ही जपानची वसाहत, त्यामुळे कागदोपत्री ते जपानी प्रजाजन. बहुतेक जण परत गेले, सुमारे सहा लाख राहिले. 28 एप्रिल 1952 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि या सगळ्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. त्याच दिवशी परदेशी नागरिक नोंदणी कायदा आला. म्हणजे काय झालं बघा : माणूस त्याच घरात, त्याच गल्लीत, पण एका दिवसात परका.

या कायद्यानुसार 1955 पासून नोंदणी करताना आणि ती दर वेळी नवी करताना डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा द्यावा लागे. वयाची अट चौदा वर्षं, नूतनीकरण दर तीन वर्षांनी. नकार दिला तर दंड किंवा तुरुंग. जपानमध्येच जन्मलेल्या, जपानीच बोलणाऱ्या शाळकरी मुलामुलींनाही यातून सूट नव्हती.

इथे आपला संबंध येतो. ठशांवरून माणूस शोधण्याची पद्धत घडली ती आपल्याकडे, कोलकात्यात. 1897 साली तिथे ठशांचं कार्यालय सुरू झालं. नाव झालं एडवर्ड हेन्री यांचं, पण वर्गीकरणाचं बरंचसं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं. दहा बोटांवरच्या भोवऱ्यांवरून त्यांनी सगळे ठसे 1024 कप्प्यांत विभागले. हजारो कागदांतून एक माणूस शोधायला ही युक्ती झकास. पण समोर उभा असलेला माणूस आणि त्याचं कार्ड जुळतं का, एवढंच पाहायचं असेल तर फोटो पुरत नाही का? तुम्ही म्हणाल, मग ठसा कशाला? नेमका हाच प्रश्न तिथल्या कोरियनांनी विचारला. ठसे गुन्हेगारांचे घेतात, मग आमचे का?

सप्टेंबर 1980 मध्ये टोकियोच्या शिंजुकु वॉर्ड कार्यालयात हान जोंग-सोक यांनी ठसा द्यायला नकार दिला. एकट्याने. पुढे नकार देणारे वाढत गेले. 1982 मध्ये सरकारने वयाची अट सोळा केली आणि मुदत पाच वर्षं. 1985 हे मोठ्या संख्येने नूतनीकरणाचं वर्ष होतं, त्या वर्षी हजारोंनी ठसा दिला नाही. सरकारने काय केलं? बोट काळं होऊ नये म्हणून बिनरंगी शाई आणली! दुखणं एकीकडे, मलम दुसरीकडे.

किंमत किती मोजावी लागली, हे पियानोवादक चे सन-ए यांच्या बाबतीत दिसतं. जन्म जपानमधला, कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या. 1981 मध्ये त्यांनी ठसा नाकारला. 1986 मध्ये संगीत शिकायला अमेरिकेला निघाल्या, तर सरकारने पुनर्प्रवेशाची परवानगी नाकारली. त्या तरीही गेल्या, आणि कायम वास्तव्य गेलं. 1988 मध्ये आपल्याच गावी परतल्या त्या 180 दिवसांच्या परवान्यावर. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. हक्क परत मिळाला तो 2000 मध्ये, संसदेने कायदा बदलल्यावर.

तोवर ठशांचा नियमही ढासळला होता. 1993 पासून कायम रहिवाशांचे ठसे बंद झाले, त्याऐवजी सही आणि कुटुंबाची माहिती. 2000 मध्ये सगळ्यांचेच थांबले. 2007 मध्ये ठसे विमानतळावर परत आले, पण या जुन्या कोरियन-तैवानी कुटुंबांना त्यातून वगळलं आहे. 2012 मध्ये जुना नोंदणी कायदाच रद्द झाला आणि सात वर्षांचं कार्ड आलं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळते. कायम वास्तव्य हा एकदा मिळून संपणारा प्रसंग नाही. दर नूतनीकरणाला सरकार नवी अट घालू शकतं, आणि माणूसही तिथेच ‘का?’ विचारू शकतो. 2024 मध्ये जपानने कायदा केला, की जाणूनबुजून कर बुडवणाऱ्याचं कायम वास्तव्य काढून घेता येईल. म्हणजे ‘कायम’चा अर्थ ठरवणं अजून चालूच आहे.

तुमचं कुणी तिकडे असेल तर एवढं जरूर सांगा : कार्डाची तारीख बघ, आणि देश सोडताना विमानतळावर परतीच्या परवानगीची खूण करायला विसरू नकोस. ती छोटीशी चौकट दिसते साधी, पण चे सन-ए यांची चौदा वर्षं तिच्यातच गेली.