फिकट निळा चट्टा

लुक्सॉल फास्ट ब्ल्यू घाईच्या माणसाचं काम नाही. मेंदूचे सेक्शन रात्रभर ओव्हनमध्ये रंगात ठेवायचे, सकाळी लिथियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात बुडवायचे, मग 70 टक्के अल्कोहोल, मग पाणी, आणि दर खेपेला मायक्रोस्कोपखाली बघायचं. करडा भाग रंग सोडतो. पांढऱ्या भागात मज्जातंतूंवर म्यायलिनचं वेष्टण असतं, तो निळा राहतो. जरा रेंगाळलं की तोही धुऊन जातो. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून माझी उमर यातच गेली. नव्या मुलींना मी सांगायचे, "घड्याळाकडे नको, स्लाइडकडे बघा."

हा रंग 1953 मध्ये शिकागोच्या क्ल्यूवर आणि बरेरा यांनी रूढ केला. पण म्यायलिनची गोष्ट त्याआधीची. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोने 1868 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं चित्र मांडलं: जागोजागी म्यायलिन गेलेले चट्टे, आतला तंतू मात्र बराचसा शाबूत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनमधून लिहिणाऱ्या मंडळींना वेगळेच चट्टे दिसले. कडा रेखीव, पण रंग ना पुरता उडालेला, ना पुरता धरलेला. त्यांना छायाचट्टे म्हणू लागले आणि बहुतेकांनी पुढची कित्येक दशकं अर्थ लावला तो अर्धवट नासाडीचा. इतकी रेखीव कड आणि आत इतका एकसारखा फिकेपणा. अर्धवट नासाडी अशी शिस्तीत होते का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, असं आपलं माझं मत.

वेष्टण चढवणारी पेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट, माद्रिदच्या रिओ-ऑर्तेगाने स्वतः बसवलेल्या चांदीच्या रंगाने 1921 मध्ये दाखवली. तरी प्रौढ मेंदूत हे वेष्टण पुन्हा चढत नाही, हीच समजूत. ती हलली 1961 मध्ये, मांजरांमुळे. रिचर्ड आणि मेरी बंज यांनी मांजरांच्या मज्जारज्जूतलं म्यायलिन घालवलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नवं चढताना पाहिलं. नवं वेष्टण पातळ होतं. पातळ वेष्टण रंग कमी धरणार, हे टेक्निशियनला सांगावं लागत नाही! 1965 पासून रुग्णांच्या मेंदूतही अशी वेष्टणं सापडू लागली. छायाचट्टा म्हणजे मोडकं घर नव्हे, डागडुजी झालेलं घर.

1979 मध्ये स्मिथ, ब्लेकमोर आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की अशा डागडुजीनंतर तंतूतून संदेश पुन्हा नीट धावतो. यातले ब्लेकमोर केंब्रिजचे, मुळात पशुवैद्य. गुरांच्या डॉक्टरांना नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

ही डागडुजी घडवून आणणाऱ्या औषधांची गोष्ट अजून कच्ची आहे. क्लेमास्टिन ही अ‍ॅलर्जीची जुनी गोळी. 2017 मध्ये कॅलिफोर्नियात 50 रुग्णांवरच्या चाचणीत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा संदेश तिने साधारण 1.7 मिलिसेकंदांनी लवकर पोचवला. ओपिसिनुमॅब या दुसऱ्या औषधावर मोठी आशा होती. ते चाचण्यांत पडलं.

छायाचट्ट्यांचा खरा अर्थ कळायला अर्धं शतक गेलं. म्हणून विकृतिशास्त्र विभागांना एक विनंती: कपाटात जागा नाही म्हणून मेंदूचे जुने पॅराफिन ब्लॉक भंगारात काढू नका; उद्या कुणी त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहील.