पायांची राखण

आपल्या समाजांत पायांस मान मोठा, परंतु त्यांची विचारपूस थोडी. वडील माणसांच्या पायां पडावें, पाहुणा आला तर पाय धुवावयास पाणी द्यावें, देवाच्या पादुका पूजाव्या, हें सर्व आम्ही परंपरेनें करीत आलों आहों. पण ज्या पायांवर मस्तक टेकतों त्यांचा तळवा कसा आहे, त्यास भेग आहे कीं फोड आहे, हें पाहण्याचा प्रघात घरांत सहसा आढळत नाहीं. एरव्हीं यांत कांहीं बिघडत नाहीं. कारण पाय आपली तक्रार स्वतःच सांगतो. कांटा मोडला तर माणूस लंगडतो, वहाण चावली तर ती काढून टाकतो. परंतु ज्या पायाची वाचाच गेली त्याचें काय? मधुमेह अनेक वर्षें अंगांत मुरल्यावर पुष्कळांचे पाय असे मुके होतात, आणि तळव्याची जखम घरांतील कोणाच्या नजरेस येण्यापूर्वीं कित्येकदां हाडापर्यंत पोंचलेली असते. अशा मुक्या पायाची राखण करण्याची जी विद्या आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग मधुमेह्यांसाठीं म्हणून निर्माण झाला नाहीं. तो कुष्ठरोग्यांच्या सेवेंतून निघाला. त्या सेवेच्या इतिहासांत आपल्या वर्धा जिल्ह्याचें नांव मानानें घ्यावें लागतें. तो इतिहास आणि त्यांतून मधुमेह्यानें व त्याच्या घरच्यांनीं घ्यावयाचा धडा, या दोहोंचा विचार येथें करावयाचा आहे.

हीं दोन दुखणीं एका दावणीस बांधलेलीं पाहून कित्येकांस चमत्कारिक वाटेल. एक जंतूपासून होणारें, दुसरें रक्तांतील साखरेचें. एकाच्या रोग्यास समाजानें गांवाबाहेर घातलें, दुसऱ्याच्या रोग्यास जेवणाच्या पंगतींत आग्रह करकरून लाडू वाढले. तथापि आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून त्यांच्यांतील एक साम्य सुटलें नव्हतें. चरकसंहितेंत प्रमेहाचीं पूर्वचिन्हें सांगतांना लघवीकडे मुंग्या धांवतात या सर्वश्रुत खुणेबरोबर हातापायांची सुप्तता आणि दाह हींहि सांगितलीं आहेत. आणि कुष्ठाच्या पूर्वचिन्हांतहि स्पर्श न कळणें हें लक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील कांहीं डॉक्टरांनींहि मधुमेह्याच्या तळव्यावरील व्रणाचा संबंध मज्जातंतूंच्या विकाराशीं जोडला. मात्र ही सुप्तता केवळ रोगाची खूण नसून पुढील अनर्थाचें मूळ आहे, आणि तें मूळ माणसाच्या हातानें आवरतां येतें, ही गोष्ट सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला.

१९३६ सालीं वर्ध्याच्या परिसरांत दोन घटना घडल्या. एप्रिल महिन्यांत गांधीजी शेगांव या खेड्यांत राहावयास आले. पुढें याच खेड्यास सेवाग्राम हें नांव मिळालें. त्याच वर्षीं विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्यानजीक दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांच्या सेवेस प्रारंभ केला. पहिल्या घटनेचा बोलबाला जगभर झाला. दुसरीची वार्ता फारशी दूर गेली नाहीं. तोंवर हिंदुस्थानांत हें कार्य बहुतांशीं ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं अंगावर घेतलें होतें, आणि आमच्या सुशिक्षित वर्गानें त्याकडे दुरून पाहण्यापलीकडे विशेष कांहीं केलें नव्हतें. १९३९ सालीं परचुरेशास्त्री सेवाग्रामास आले. ते संस्कृताचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगांतील गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठानें ग्रासलेले. गांधीजींनीं त्यांना आपल्या कुटीच्या जवळच झोंपडी बांधून दिली व ते स्वतः त्यांच्या अंगास मालिश करूं लागले. रचनात्मक कार्यक्रमांतहि त्यांनीं पुढें कुष्ठसेवेस स्थान दिलें.

त्या काळीं चौलमुग्राच्या तेलाच्या टोंचण्यांखेरीज सांगण्यासारखें औषध नव्हतें, आणि त्या तेलाचा भरंवसाहि थोडाच होता. मग सेवा म्हणजे काय? तर रोज रोग्यासमोर बसणें, त्याचे पाय हातांत घेणें, जखम धुणें, पट्टी बांधणें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच करणें. हें काम दिसावयास क्षुद्र. परंतु ज्या माणसाला स्वतःची जखम कळत नाहीं त्याच्यासाठीं दुसऱ्याचे डोळे आणि दुसऱ्याचे हात हेंच पहिलें औषध असतें. या सेवेंतील हा अर्थ आम्हांस आज मधुमेहाच्या निमित्तानें अधिक स्पष्ट दिसूं लागला आहे.

गांधीजींच्या पश्चात् १९५१ सालीं त्यांच्या स्मारकनिधींतून कुष्ठनिवारणाचें प्रतिष्ठान स्थापन झालें व त्याचें ठाणें वर्ध्यास बसलें. त्याचे पहिले संचालक डॉक्टर वर्देकर यांनीं कार्याची निराळीच रीत घालून दिली. रोगी दवाखान्यांत येईल याची वाट पाहत न बसतां कार्यकर्त्यानें गांवोगांव व घरोघर जावें, प्रत्येक माणसास तपासावें, रोग म्हणजे काय हें समजावून सांगावें, आणि औषध त्याच्या दाराशीं न्यावें. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन अंगांची ही पद्धत पुढें राष्ट्रीय कार्यक्रमानेंहि स्वीकारली. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अनेक औषधें एकत्र देण्याचा नवा उपचार देशांत ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांतहि वर्धा होता. डॉक्टर वर्देकरांच्या रीतींतील तत्त्व साधें आहे: जें दुखणें दुखत नाहीं त्याचा रोगी आपण होऊन येत नाहीं, त्याच्याकडे आपणच गेलें पाहिजे. मधुमेह्याच्या पायाला हेंच तत्त्व अक्षरशः लागू पडतें.

वर्ध्यास ही सेवेची परंपरा रुजत असतां दक्षिणेंत वेल्लोर येथें तिचें शास्त्र आकार घेत होतें. १९१४ सालीं, ज्या वर्षीं आपल्या हिंगणघाटास बाबा आमट्यांचा जन्म झाला त्याच वर्षीं, दक्षिणेंतील कोल्ली डोंगरांत एका मिशनरी दांपत्याच्या पोटीं पॉल ब्रँड यांचा जन्म झाला. विलायतेंत शस्त्रवैद्यक शिकून ते १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. कुष्ठरोग्याचीं बोटें झडतात तीं रोगानें मांस सडल्यामुळें, अशी तोंपर्यंत सार्वत्रिक समजूत होती. डॉक्टरहि तिला अपवाद नव्हते. ब्रँड यांना तसें दिसेना. एकदां गंजलेल्या कुलुपाची किल्ली त्यांना फिरेना, ती एका रोगी मुलानें सहज फिरविली. आणि पाहतात तों त्याचें बोट हाडापर्यंत कापलेलें, व त्याला त्याची दादहि नाहीं. रात्रींत बोटें नाहींशीं होत त्याचा शोध घेतां तो उद्योग उंदरांचा असल्याचें आढळलें. झोंपलेल्यास कुरतडल्याचें कळत नसे. तेव्हां रोगी घरीं परततांना त्याच्याबरोबर एक मांजर देण्याची व्यवस्था झाली! निष्कर्ष असा कीं, रोग हा वेदना हिरावून नेतो. पुढील नाश करतात तो आगीचा चटका, खिळा, अरुंद जोडा आणि एकाच जागीं पुन्हा पुन्हा पडणारा भार. पायाला विसांवा मिळाला कीं तीच जखम भरून येते.

या एका सिद्धान्तानें सर्व दृष्टि पालटली. जखम हें प्राक्तन न राहतां अपघात ठरली. आणि अपघात टाळतां येतो. मऊ रबराच्या तळाच्या वहाणा करण्यांत आल्या. जखमी पायास घट्ट बसणारा प्लास्टरचा सांचा घालून त्यावरील भार सर्वत्र सारखा वांटण्याची युक्ति योजण्यांत आली. १९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले. आणि तेथें हाच उपचार मधुमेह्यांच्या पायांस लागू करण्यांत आला. दहा ग्रॅम भारानें वांकणारा नायलॉनचा एक बारीक तंतु तळव्यास टेकवून, डोळे मिटलेल्या रोग्यास तो कळतो कीं नाहीं हें पाहण्याची जी सोपी परीक्षा आज जगभर चालते, तिचा पाया घालण्यांतहि कारव्हिलच्या मंडळींचा मोठा वांटा आहे.

मधुमेह्यांत हा प्रश्न उग्र होण्याचें कारणहि ऐतिहासिक आहे. १९२१ सालीं इन्सुलिनचा शोध लागला व पुढील वर्षीं तें प्रथम रोग्यास टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं तीव्र मधुमेहाचा रोगी फार काळ जगतच नसे. आयुष्य वाढलें तशीं सावकाश येणारीं उपद्रवांचीं संकटें पुढें आलीं. बोस्टनच्या डॉक्टर जॉस्लिन यांनीं १९३४ सालींच पाय सडण्याच्या धोक्याविषयीं स्वतंत्र लेख लिहून इशारा दिला होता. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें दहा कोटी असल्याचें दिसून आलें. मधुमेह्यांपैकीं शेंकडा १९ ते ३४ जणांस आयुष्यांत केव्हांना केव्हां पायाचा व्रण होतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

हा घात तीन वाटांनीं होतो. संवेदनेचे तंतु निकामी झाले म्हणजे तळव्यास स्पर्श, उष्णता व वेदना कळेनाशी होते. स्नायूंचे तंतु निकामी झाले म्हणजे बोटें आंकड्यासारखीं वाकडीं होतात, तळव्याचीं हाडें खालीं टेकतात आणि चालतांना थोड्याशा जागेवर सारा भार येतो. तेथें घट्टा होतो व घट्ट्याखालीं व्रण. घाम आणणारे तंतु निकामी झाले म्हणजे त्वचा कोरडी पडून भेगा पडतात व त्यांतून जंतु शिरतात. येथवर कुष्ठ आणि मधुमेह हे सोबती आहेत. परंतु पुढें मधुमेहाची वाट अधिक बिकट होते. कुष्ठरोग्याच्या पायास रक्त सहसा पुरेसें मिळतें. मधुमेह्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असूं शकतात, त्यांत रक्तांतील साखरेनें जंतूंस फावतें, आणि तंबाखूचें व्यसन असल्यास संकटास पारावार राहत नाहीं. म्हणून त्याची जखम केवळ विसांव्यानें बरी होईल अशा भ्रमांत राहूं नये. पायाची नाडी तपासून घेतली पाहिजे, आणि लाली, सूज, पू किंवा काळेपणा दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. दुखत नाहीं म्हणून थांबणें हा येथें सर्वांत मोठा घात होय. दुखत नाहीं हेंच तर मूळ दुखणें!

आतां आपल्याकडील राहणीकडे पाहूं. वैशाखांत वर्ध्याची जमीन तव्यासारखी तापते. देवळाच्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेह्याचे तळवे पोळतात आणि त्यास वार्ताहि नसते. शेतांत पऱ्हाटीचीं धसकटें व बाभळीचे कांटे. हिंवाळ्यांत शेकोटीशीं पसरलेले पाय. थकून आल्यावर सुनेनें प्रेमानें दिलेलें कढत पाणी. अंगठ्याच्या बेचक्यांत रुतणारा चपलेचा पट्टा. आणि कुरूप म्हणून घरच्या घरीं पात्यानें कापलेला घट्टा. यांपैकीं एकहि गोष्ट दुष्ट नाहीं. निरोगी माणूस त्यांतून सहज निभावतो. सुप्त पायास मात्र यांतील कोणतीहि एक पुरते.

उपाय त्यामानानें फार स्वस्त आहेत. रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्या. स्वतःस वांकतां येत नसेल तर आरसा घ्यावा, दृष्टि मंद असेल तर घरच्यांनीं पाहावें. पाय कोमट पाण्यानें धुवावे, आणि पाण्याची ऊब पायानें नव्हे तर कोपरानें, शक्य तर दुसऱ्या कोणीं, पाहावी. बोटांमधील जागा कोरडी करावी. कोरड्या टांचेस तेल चोळावें, पण बेचक्यांत तें घालूं नये. नखें सरळ कापावीं. जोडा घालण्यापूर्वीं आंत हात घालून खडा किंवा चूक आहे का तें चांचपावें. नवा जोडा सायंकाळीं, पाय किंचित् सुजलेले असतां, घ्यावा. वर्षांतून निदान एकदां डॉक्टरांकडून तंतूची परीक्षा करवून घ्यावी. तींत एकदां दोष आढळल्यावर अधिक वेळां.

सर्वांत अवघड उपाय मात्र पैशाचा नसून मनाचा आहे, आणि तो असा कीं घरांतहि पायांत वहाण असावी. स्वयंपाकघरांत व देवघरांत वहाण येऊं न देण्याचा आमचा आचार जुना आहे, आणि त्यांतील स्वच्छतेचा हेतु आम्हांस मान्य आहे. परंतु घरांतल्यापुरती निराळी, धुतलेली, मऊ तळाची वहाण ठेवल्यास त्या हेतूस बाध येत नाहीं. आजीस पूजा करतांना मऊ पादत्राण घालूं द्यावें कीं नाहीं, यावर ज्या घरीं वाद होईल, तेथें एवढेंच विचारावें कीं पाय गमावून बसलेल्या आजीची पूजा कोणीं करावी?

आणखी एक अडचण लाजेची. कुष्ठरोग्यांसाठीं केलेली विशेष वहाण पायांत दिसली कीं लोक ओळखीत, म्हणून कित्येक रोगी ती घालण्याचें टाळीत. त्यांना असें वागावयास लावणारे आपणच होतों. आज तशाच मऊ रबराची वहाण आपल्याच घरांतील वडिलांस लागते, आणि तीहि बेढब दिसते म्हणून कोपऱ्यांत पडून राहते. दत्तपूरच्या रोग्यांचे पाय ज्यांनीं हातांत घेतले त्यांना शिसारी येत नसेल असें नाहीं. त्यांनीं ती बाजूस सारली. घरांतील मधुमेह्याच्या बाबतींत तर शिसारीचाहि प्रश्न नाहीं. प्रश्न आहे तो केवळ दोन मिनिटें खालीं बसण्याचा. वडिलांच्या पायांस आपण नमस्कार करतोंच. त्याच वेळीं तळवा उलटून एकदां पाहावा.