लहुजी वस्तादांचे वारसदार 'अंशकालीन' का?

पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यातल्या शाळांमध्ये फिरताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अभ्यासक्रम मागे पडला की सगळ्यात आधी शारीरिक शिक्षणाचा तास कापला जातो. गणिताचे सर येतात, खडू उचलतात आणि मुले मैदानाकडे बघत बसून राहतात. पीटीचे सर मात्र प्रभातफेरीला, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला, रांगा लावायला आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला हवे असतात. शिक्षकांच्या बैठकीत त्यांच्या मताला वजन नसते. "ते काय, शिट्टी वाजवतात," हे वाक्य विद्यार्थीही शिकलेले असतात.

मित्रांनो, हा प्रश्न एका विषयाच्या शिक्षकांच्या मानापानाचा आहे, असे समजून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. आमच्या मते ती चूक आहे. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायातून जन्मल्याचे सांगितले आहे. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात बाबासाहेबांनी या सूक्ताची चिरफाड केली. मुख वर आणि पाय खाली, पोथी वर आणि घाम खाली, ही उतरंड देवळातून निघून शाळेच्या वेळापत्रकात कशी येऊन बसली, हे समजून घ्यायचे असेल तर आधी आपला स्वतःचा इतिहास पाहावा लागेल.

तालीम आणि शाळा

आपल्या चळवळीच्या शिक्षणाच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच एक वस्ताद उभा आहे. लहुजी साळवे, जन्म १७९४, मातंग समाजातले. पुण्यात त्यांची तालीम होती. कुस्ती, दांडपट्टा, तलवार, नेमबाजी तिथे शिकवली जाई. तरुण जोतीराव फुले याच तालमीत घडले. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा वस्तीवस्तीत जाऊन "पोरं शाळेत घाला" असे सांगणाऱ्यांत लहुजी वस्ताद पुढे होते. त्यांच्याच घराण्यातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याने दंड-बैठका शिकवल्या, त्यानेच पाटीपेन्सिलही पोरांच्या हाती दिली. तालीम आणि शाळा या लहुजींच्या दृष्टीने एकमेकींच्या शत्रू नव्हत्या. मान खाली घालून चालणाऱ्या पोराला ताठ उभे राहायला शिकवणे हेही शिक्षणच होते. आज आपण त्यांना 'आद्यक्रांतिवीर' म्हणून हार घालतो. पण ते शिक्षक होते, हे सांगायचे राहून जाते.

फौजेतली कवायत

दुसरा धागा फौजेचा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. इंग्रजी फौजेत शिपाई आणि त्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय होती. म्हणजे कवायत आणि अक्षर आपल्या लोकांच्या घरात एकाच दाराने आले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची फौजेतली भरती बंद झाली आणि दोन्ही एकदमच तुटले. गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या करीत राहिले, त्यामागे फक्त पगार नव्हता.

पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहात आणि त्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात कवायत आली ती या निवृत्त सैनिकांच्या शिस्तीतून. चवदार तळ्याकडे हजारो माणसे रांगेत चालत गेली. ज्यांना रस्त्याच्या कडेने, सावली पडू न देता चालायला शिकवले होते, ते रस्त्याच्या मधून पावलात पाऊल टाकून चालले. कवायत शिकवणाऱ्या त्या पेन्शनर हवालदारांची नावे किती जणांना सांगता येतील? आम्ही वक्त्यांची नावे पाठ केली, पावले शिकवणाऱ्यांची नाही.

बाळूचा चेंडू

आता दुसरी बाजू. शरीराचे कौशल्य दाखवले की समाज आपोआप मान देतो, असा भ्रम कुणी ठेवू नये. पालवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या क्लबांत मैदानाची देखभाल करता करता, सरावासाठी साहेबांना चेंडू टाकता टाकता ते देशातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्यातल्या त्यांच्याच हिंदू संघात त्यांना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या पेल्यात. इतके बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली, तेही वाद होऊन. हात चालतील, पण निर्णय घेणारे डोके तुमचे नको, असा तो न्याय होता.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो राजकीय मतभेद खरा आहे. म्हणून त्यांचा मैदानावरचा इतिहास आपण टाकून द्यायचा का? आम्हाला तसे वाटत नाही.

सरकारी व्यायाम

महाराष्ट्रात व्यायामाची मोठी चळवळ झाली हे कुणी नाकारत नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी बाबासाहेबांचे लाहोरचे भाषण रद्द झाले आणि त्यांनी ते 'जातिनिर्मूलन' म्हणून स्वतः छापले. एकीकडे राष्ट्राचे शरीर बलवान करण्याचे स्वप्न, दुसरीकडे त्या शरीराचे जातीने केलेले तुकडे. व्यायामवाल्यांपैकी बहुतेकांनी या तुकड्यांवर बोलणे टाळले.

१९३७ साली खेर मंत्रिमंडळ आले. स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि १९३८ साली कांदिवलीला शिक्षक-प्रशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. आपल्या पालघरच्याच रेल्वेमार्गावर. म्हणजे प्रशिक्षित शारीरिक शिक्षक ही गोष्ट या भागाला ऐंशीहून अधिक वर्षांपासून माहीत आहे.

आज स्थिती काय आहे? बी.पी.एड. दोन वर्षांचे, बी.एड. दोन वर्षांचे. दोन्हींचे निकष एकच राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. बी.पी.एड.वाला शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, दुखापतींचे उपचार शिकतो. महाविद्यालयातल्या क्रीडा संचालकाला पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएच.डी. लागतेच, वर धावून शारीरिक क्षमताही सिद्ध करावी लागते. तरी तो 'प्राध्यापक' नाही.

आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना शिक्षक. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना मात्र अंशकालीन निदेशक, तेही पट शंभराच्या वर असेल तर. कला, शरीर आणि हाताचे काम, हे तीनही विषय एकत्र बांधून अर्धवेळ ठेवले. कायदा करणाऱ्यांच्या मनात जात होती असा आमचा आरोप नाही. पण हातापायांचे ज्ञान अर्धेच ज्ञान, ही समजूत इतकी मुरलेली आहे की हक्काच्या कायद्यातही ती सहज शिरली आणि फार कुणी हरकत घेतली नाही.

पालघरचे शरीर

आपल्या जिल्ह्यात याची किंमत कोण मोजते? १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा लढाई शरीराच्या मालकीचीच होती. १९६९ साली तारापूरला अणुवीज सुरू झाली, बोईसरला एमआयडीसी वाढली. पुढे प्रकल्प वाढवताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ज्या जिल्ह्यातून वीज आणि औषधांचा कच्चा माल जातो, त्याच जिल्ह्यातल्या जव्हारच्या वावर-वांगणी भागात १९९२-९३ साली कुपोषणाने मुले दगावली.

अशा जिल्ह्यात मुलाची उंची, वजन, दम, पाठीचा बाक, मुलींमधला रक्तक्षय हे रोज ज्याच्या नजरेखाली येऊ शकते तो शिक्षक कोण? पीटीचे सर, पीटीच्या बाई. विषयाचे नावच 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' आहे. उपाशी पोराला पळायला लावणे हे शारीरिक शिक्षण नव्हे. ते पोर का दमते हे ओळखणे, हे शारीरिक शिक्षण आहे. त्यासाठी पूर्णवेळ, शिकलेला, मुलांना नावाने ओळखणारा माणूस लागतो.

आपल्या मोखाडा-जव्हारच्या सीमेपलीकडच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही स्पर्धांत पदक घेऊन आली. नाशिकला तिला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. पाय डोंगराने दिले, पण शिकवण्याचे काम माणसानेच केले. असे पाय आपल्या आश्रमशाळांत किती असतील?

"आमच्या पोरांनी खेळतच बसायचे का?"

हा प्रश्न आपलेच कार्यकर्ते विचारतात आणि तो रास्त आहे. 'तुमची मुले काटक असतात, त्यांना खेळात घाला' हे गोड बोलणे जुन्याच विभागणीचे नवे रूप आहे. त्यांच्या मुलांना प्रयोगशाळा आणि आपल्या मुलांना कबड्डी, हे आम्हाला मान्य नाही. म्हणूनच शारीरिक शिक्षणाला शास्त्राचा दर्जा हवा. तो मिळाला की ते एका जातीच्या काटकपणावर सोडून देता येत नाही. मग ते प्रत्येक मुलामुलीचे होते.

आणि मान मागताना हिशेबही द्यावा लागेल. जो शिक्षक छडी हाच अभ्यासक्रम समजतो, उन्हात उभे करून शिक्षा देतो, मुलींना कडेला बसवतो, त्याची वकिली आम्ही करणार नाही. दर्जा मिळेल तशी जबाबदारीही येईल.

तेव्हा तरुणांनो, घोषणेपुरते थांबू नका. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसा. माहितीच्या अधिकारात साधे चार प्रश्न विचारा. शाळेला मैदान आहे का? शारीरिक शिक्षणाचा शिक्षक पूर्णवेळ आहे, मानधनावर आहे की नाहीच? समग्र शिक्षाचे क्रीडा साहित्याचे अनुदान, प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत, ते आले का आणि कशावर खर्च झाले? वेळापत्रकातला तास प्रत्यक्षात होतो का? उत्तरे घेऊन पंचायत समितीत जा, जिल्हा परिषदेत जा.

लहुजी वस्तादांना कुणी अंशकालीन म्हटले असते, तर जोतीरावांनी ऐकून घेतले नसते. आपणही ऐकून घेऊ नये.

जय भीम! जय लहुजी!