टल्सामध्ये फुटलेला चष्मा

शुक्रवारी रात्री टल्साच्या हॉटेलात मी माझ्याच चष्म्यावर बसलो. हे वाचून ज्यांना नुसतं हसू आलं त्यांचा नंबर दोनच्या आत असणार. माझा उणे साडेपाच आहे. डाव्या काचेचे दोन तुकडे, एक काडी वाकडी, आणि मंगळवारी क्लायंटसमोर डेमो. जादाचा चष्मा पुण्यात, कपाटाच्या वरच्या खणात. आईने तो बॅगेत दोनदा घातला होता आणि "तीन आठवड्यांसाठी कशाला?" म्हणून मी तो दोनदा काढून ठेवला होता.

टल्सा म्हणजे अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य. गाडी चालवता येत नसेल तर इथे माणूस म्हणजे सामान. शनिवारी सकाळी टीममधल्या एका मित्राने ते सामान गाडीत घालून चष्म्याच्या दुकानात नेलं. तोवर बाबांनी माझ्या नंबरचं कार्ड शोधून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानातलं कार्ड, काकांच्या तिरक्या अक्षरातलं. मी निर्धास्त होतो.

दुकानात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. अतिशय सज्जन. त्यांनी शाबूत असलेली उजवी काच लेन्समीटरवर ठेवली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "उणे साडेपाच, सिलिंडर उणे पाऊण, अ‍ॅक्सिस एकशे ऐंशी." मग डाव्या काचेचा मोठा तुकडा ठेवला, त्याचाही नंबर सांगितला. फोटोतल्या कार्डाशी तंतोतंत जुळला.

"छान. मग किती वेळ लागेल?"

"प्रिस्क्रिप्शन लागेल."

"हे काय आहे मग?"

"यावर डॉक्टरची सही नाही."

खरंच नव्हती. काकांनी कार्डावर सही करावी असं आमच्या तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, नंबर तुम्ही आत्ता स्वतः काढलात ना? ते म्हणाले, काढला, पण त्यावरून काच बनवून द्यायला कायद्याने बंदी आहे. आधी डोळे तपासून घ्या. त्यांच्याकडे तपासणारे होते त्यांची वेळ बुधवारपर्यंत नव्हती. म्हणजे डेटा समोर आहे, मशीन समोर आहे, कारागीर समोर आहे, फक्त परमिशन नाही. च्यायला, हे तर हापिसात रोज होतं!

सेलोटेप लावलेला चष्मा घालून हॉटेलात परत आलो. उणे साडेपाचवाल्याला चष्म्याशिवाय साधारण अठरा सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं (एक मीटर भागिले साडेपाच), त्यामुळे फोन नाकाला लावून वाचता येतो. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून उरलेला वीकांत हा कायदा आला कुठून ते वाचण्यात घालवला.

आधी त्या नंबराविषयी. पुण्यातल्या काकांचा उणे साडेपाच टल्सातल्या माणसाला एका क्षणात कळतो, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. तेव्हा भिंगाचा नंबर फोकल लेन्थवरून, इंचात सांगत. सात नंबर म्हणजे सात इंच. आता प्रश्न असा की कुणाचा इंच? पॅरिसचा इंच २७.०७ मिलिमीटरचा, प्रशियाचा २६.१५चा आणि इंग्रजांचा २५.४चा. मी हिशोब करून पाहिला. सात नंबरचं भिंग पॅरिसच्या इंचाने घडवलं तर आजच्या भाषेत ५.२८ नंबर येतो, इंग्रजी इंचाने ५.६२. जवळजवळ एक तृतीयांश नंबराचा फरक. शिवाय दोन भिंगं एकावर एक ठेवली तर बेरीज अपूर्णांकांची. एक सप्तमांश अधिक एक विसांश, करा तोंडी.

१८७२ साली फेर्दिनां मोनॉये या फ्रेंच नेत्रवैद्याने यावर तोडगा सुचवला. अंतर मीटरमध्ये मोजा आणि त्याचा व्यस्त घ्या. त्याला नाव दिलं डायॉप्टर. मीटर सगळीकडे सारखा आणि बेरीज-वजाबाकी सरळ. इतका साधा रिफॅक्टर, पण त्यामुळे चष्म्याचा नंबर देशोदेशी फिरायला मोकळा झाला. मोनॉये हा आपल्यातलाच माणूस असावा. त्याने अक्षरांचा एक तक्ताही केला होता. सगळ्यात खालची ओळ सोडून त्याच्या दोन्ही कडांची अक्षरं खालून वर वाचत गेलात तर त्याचं स्वतःचं नाव निघतं. कोडमध्ये ईस्टर एग लपवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तर नंबर सीमेपार गेला. अडतं ते कागदाचं.

त्या कागदाची गोष्ट थेट ओक्लाहोमातच सापडली, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. १९५३ साली इथल्या विधिमंडळाने कायदा केला की परवानाधारक ऑप्टोमेट्रिस्ट किंवा नेत्रवैद्य यांच्या लेखी प्रिस्क्रिप्शनशिवाय ऑप्टिशियनने काच बसवायची नाही. नवी नाही, फुटलेल्या काचेच्या जागी तशीच दुसरी नाही, इतकंच काय, जुन्या काचा नव्या फ्रेममध्ये घालून द्यायच्या नाहीत. ली ऑप्टिकल नावाची कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली. तीन न्यायाधीशांच्या फेडरल कोर्टाने कायद्याचे काही भाग रद्द केले. त्यांचं म्हणणं साधारण माझ्यासारखंच होतं: भिंगाच्या तुकड्यावरून यंत्राने नंबर काढता येतो आणि कुशल कारागीर तशीच काच घडवू शकतो, मग प्रत्येक वेळी डॉक्टरची चिठ्ठी कशाला? हे वाचताना मी सेलोटेपसकट उठून उभा राहिलो.

पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ मार्च १९५५ रोजी एकमताने निकाल फिरला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश माझ्या शब्दांत असा: पुष्कळ वेळा ही अट अनावश्यक आणि खर्चिक ठरत असेल. पण वारंवार डोळे तपासले जावेत म्हणून विधिमंडळाने ती घातली असू शकते. फायदा-तोटा तोलणं हे विधिमंडळाचं काम, कोर्टाचं नाही. 'असू शकते' हे महत्त्वाचं. विधिमंडळाच्या मनात खरंच तेच होतं का, हे कुणी तपासलं नाही, तपासायची गरजही नाही असं ठरलं. अमेरिकेत वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. धंद्यांवरच्या सरकारी निर्बंधांना कोर्टाने किती हलक्या हाताने तपासावं, याचा तो नमुनाच झाला.

गंमत म्हणजे त्याच कायद्यात जवळचं वाचायच्या तयार चष्म्यांना सूट होती. ते कुणीही, काहीही न तपासता उचलून घ्यावेत. डोळ्यांच्या आरोग्याची इतकी काळजी होती तर ही सूट का? कोर्टाचं उत्तर थोडक्यात असं की सरकार एका वेळी एकच पायरी चढू शकतं. त्याच कायद्यातल्या आणखी एका कलमाने किरकोळ विक्रीच्या दुकानांना डोळे तपासणाऱ्यांना जागा द्यायला मनाई केली होती. कोर्टाने तेही कायम ठेवलं. हे प्रकरण इतकं चिवट की २०१८ साली मोठ्या दुकानांत डोळे तपासायला परवानगी द्यावी का, यावर ओक्लाहोमात जनमत घेतलं गेलं आणि प्रस्ताव अगदी थोडक्या मतांनी पडला. शेवटी २०१९मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून वाट काढली.

पण भांडण याहून जुनं आहे. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स प्रेंटिस नावाचा ऑप्टिशियन होता. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, जर्मनीत कार्ल्सरूहला शिकलेला. (इंजिनियरिंग करून भलतंच काही करण्याची परंपरा आपण सुरू केलेली नाही.) प्रिझमची ताकद मोजायचं एकक आणि काचेचा मध्य सरकला तर किती फरक पडतो याचं सूत्र, दोन्ही त्याचीच. ते सूत्र आजही चष्म्याच्या प्रत्येक दुकानात लागतं. तर या माणसाने एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासले, तीन डॉलर फी घेतली आणि पुढच्या उपचारासाठी त्याला डॉ. हेन्री नॉइस या नामवंत नेत्रवैद्याकडे पाठवलं. नॉइसना खटकली ती फी. भिंगं विका, पण सल्ल्याचे पैसे घेणं हे डॉक्टरांचं काम, असं त्यांनी कळवलं. पुढे दुसऱ्या एका बड्या डॉक्टरने कायद्याचा धाक घातला. तेव्हा प्रेंटिसने ठरवलं की आपल्यालाच कायदा हवा. डोळे तपासणाऱ्यांचा वेगळा, परवाना असलेला व्यवसाय. पहिला असा कायदा १९०१मध्ये मिनेसोटात झाला, न्यूयॉर्कचा १९०८मध्ये आणि १९२४पर्यंत सगळी राज्यं झाली.

म्हणजे १९०१ ते १९२४ या काळात ज्यांनी डॉक्टरांशी भांडून परवाना मिळवला, त्यांचीच पुढची पिढी १९५३मध्ये तो परवाना पुढे करून ऑप्टिशियनला अडवत होती. रविवारी रात्रीपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं: हा सगळा गल्ल्याचा मामला आहे, आरोग्य हे निमित्त.

सोमवारी सकाळी मित्राच्या ओळखीने एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे कुणाची तरी रद्द झालेली वेळ मिळाली. फी १४० डॉलर. रुपयांत गुणाकार करायचा नाही असं ठरवूनही केलाच.

बाईंनी नंबर काढला, पण त्याला पाच-सात मिनिटंच लागली. बाकी वेळ डोळ्यांचा दाब, बाहुल्या मोठ्या करून पडदा, नसेचे फोटो. मग विचारलं, "घरात कुणाला ग्लॉकोमा?"

बाबांना आहे. काचबिंदू. चार वर्षांपूर्वी कर्वे रोडला स्कूटरवरून जाताना बाजूने आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही, आणि तेव्हा तपासण्या झाल्या. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती. गेलेली परत येत नाही. त्याआधी कित्येक वर्षं बाबा दर दोन-तीन वर्षांनी लक्ष्मी रोडला जाऊन नंबर काढून नवा चष्मा करत होते. समोरचा तक्ता त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता. काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे तक्त्यावर काहीच कळत नाही. आणि नंबर सोडून दुसरं काही बघायला त्यांना कुणी भागच पाडलं नाही.

बाईंनी सांगितलं की दाब ठीक आहे, पण वडिलांना आहे आणि मायनस नंबरही मोठा आहे, तेव्हा दर वर्षी तपासा, हे फोटो जपून ठेवा. मी मान डोलावली. शनिवारी मनातल्या मनात ज्या कायद्याला शिव्या घातल्या, त्याच्यामुळेच मी त्या खुर्चीत बसलो होतो. पण मग त्या कायद्यात वाचायच्या चष्म्यांना सूट का? काचबिंदूची भीती चाळिशीनंतरच तर जास्त, आणि ते तयार चष्मे घेतो कोण? मला अजून याचं धड उत्तर देता येत नाही.

निघताना रिसेप्शनवर कागद हातात दिला आणि तो मिळाल्याची सही घेतली. ही सहीसुद्धा इतिहासच. पूर्वी बरेच डॉक्टर प्रिस्क्रिप्शन गिऱ्हाइकाच्या हाती देतच नसत, चष्मा आमच्याकडेच करा म्हणत, नाहीतर कागदाचे वेगळे पैसे मागत. १९७८ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की तपासणी झाल्यावर न मागता, फुकट कागद द्यायचा. तरीही टाळाटाळ चालूच राहिली, म्हणून २०२४मध्ये सहीची भर पडली. चष्म्याचा ज्यांचा स्वतःचा धंदाही आहे त्यांनी ती घ्यायची. बाईंच्या बाहेरच्या खोलीत फ्रेमा लटकत होत्याच. मी कागद घेऊन शनिवारच्याच दुकानात गेलो.

गाडीत कागद बघितला आणि पोटात गोळा आला. उणे सव्वासहा! तीन दिवसांत पाऊण नंबर वाढला?

दुकानातले गृहस्थ हसले. नेत्रतज्ज्ञ बऱ्याचदा सिलिंडर अधिकमध्ये लिहितात, म्हणाले. त्यांनी पेन्सिलीने खाली मांडून दाखवलं: उणे सव्वासहा, अधिक पाऊण, अ‍ॅक्सिस नव्वद, म्हणजेच उणे साडेपाच, उणे पाऊण, अ‍ॅक्सिस एकशे ऐंशी. शनिवारी त्यांनी तुकड्यावरून काढला तोच. त्यांच्याही लक्षात आलं, माझ्याही, पण दोघंही त्यावर काही बोललो नाही. बाहुल्यांमधलं अंतर त्यांनीच मोजलं, कारण फेडरल नियमात ते कागदावर लिहायची सक्ती नाही. चष्मा तासाभरात झाला, १९० डॉलर. डेमो बरा झाला.

पुण्याला आल्यावर जादाचा आणखी एक चष्मा करायला लक्ष्मी रोडला गेलो. काकांनी अमेरिकन कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, मशीनवर ठेवला आणि कार्डावर नंबर लिहिला. दोन मिनिटं. म्हणाले, "परवा ये."

मी विचारलं, "काका, नंबर काढताना तुम्ही लोकांना दाब तपासायला सांगता का?"

"सांगतो की. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला सांगतो." कार्ड खणात टाकत म्हणाले, "लोक म्हणतात, काका, तुम्ही नुसत्या काचा घाला. तुझे बाबाही हेच म्हणायचे."